अहि, अझदहा आणि ड्रॅगन : एका नसलेल्या प्राण्याचा कोकणापर्यंतचा प्रवास

'ड्रॅगन' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वर्तमानपत्रे चीनवर बातमी देताना सरळ 'ड्रॅगन' असे छापतात. लहान मुलांच्या पुस्तकात कुणी 'महासर्प' लिहितो, कुणी 'उडता अजगर'. उर्दूत मात्र एक तयार शब्द आहे, 'अझदहा'. पण त्याचीही अडचण आहेच. दास्तानमधला आग ओकणारा प्राणी अझदहा, आणि ठाणे जिल्ह्यात कुणाच्या शेतात मोठा अजगर सापडला तर उर्दू बातमीत तोही अझदहाच. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला ही अडचण नेहमी येते. मुले विचारतात, "सर, अजगर आणि अझदहा एकच का?" कानाला दोन्ही शब्द भाऊभाऊ वाटतात, पण ते तसे नाहीत. अजगर म्हणजे 'अज' (बोकड) गिळणारा. तो आपल्या जंगलातला खराखुरा प्राणी आहे. अझदहाची वंशावळ वेगळी आहे. ती शोधत गेले की आपण इराणमार्गे थेट ऋग्वेदात पोहोचतो, आणि तिथून परत फिरून भिवंडीच्या वेशीपर्यंत येतो.

शब्दाची वंशावळ

पारशी धर्मग्रंथ अवेस्तामध्ये 'अझि दहाक' नावाचा एक राक्षस आहे. तीन तोंडे, तीन डोकी, सहा डोळे. 'अझि' म्हणजे साप. पुढच्या फारसीत या दोन शब्दांचा मिळून एक शब्द झाला, तोच 'अझदहा'.

आता संस्कृतकडे पाहा. संस्कृतमध्ये सापाला 'अहि' म्हणतात. अहि आणि अझि हा एकच शब्द आहे. संस्कृतमध्ये जिथे 'ह' येतो, तिथे जुन्या इराणी भाषांत पुष्कळदा 'झ' किंवा 'ज' सारखा उच्चार येतो. उदाहरणे आपल्या रोजच्या मराठीत आहेत. 'बाहू' आणि 'बाजू' घ्या. पहिला शब्द संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून, मूळ एकच. 'हिरण्य' म्हणजे सोने, आणि इराणी बाजूला त्याचा भाऊ 'जर'. ज्याच्यावरून आपण जरीकाठ म्हणतो, जरतारी म्हणतो. यंत्रमागाच्या या गावात जरीचा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो हिरण्याचा सख्खा नातेवाईक आहे हे सांगितले की मुलांना नवल वाटते.

तेव्हा अझदहा हा शब्द 'परका' आणि अहि हा शब्द 'आपला', अशी वाटणी करताच येत नाही. एकाच घरातून निघालेले दोन भाऊ. एक सिंधूच्या अलीकडे आला, एक पलीकडे राहिला. हजारो वर्षांनी धाकट्याची वंशावळ सुलतानांच्या दरबारी भाषेबरोबर दख्खनमध्ये आली, तेव्हा कुणी कुणाला ओळखले नाही.

आणि ड्रॅगन? तो ग्रीक 'द्राकोन'वरून आला. अभ्यासक त्याचा संबंध 'पाहणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. आपल्या 'दृश्', 'दृष्टी'चे ते कूळ. पापणी न हलवता टक लावून बघणारा तो ड्रॅगन. साप पापणी मिटत नाही हे ज्याने पाहिले असेल त्याला हे नाव पटेल.

पाणी अडवणारा

जगभरचे ड्रॅगन एकत्र मांडले की त्यांचे काही प्रकार पडतात. सगळ्यांत जुना प्रकार पाणी अडवणाऱ्याचा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले बत्तिसावे सूक्त इंद्र आणि वृत्र यांच्या लढाईचे आहे. वृत्र हा 'अहि' आहे. तो डोंगरावर पसरला आहे आणि त्याने पाणी कोंडून धरले आहे. इंद्र वज्राने त्याला मारतो आणि पाणी हंबरणाऱ्या गाईंसारखे समुद्राकडे धावते. 'वृत्र' या शब्दाचा अर्थच झाकणारा, अडवणारा.

इंद्राला यावरून 'वृत्रहन्' म्हणतात. अवेस्तात हाच शब्द 'वेरेथ्रघ्न' असा येतो. तो विजयाचा देव आहे. फारसीत झिजत झिजत त्याचे 'बहराम' झाले. पारशी लोकांच्या सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिराला आतश बहराम म्हणतात आणि मुंबईत अशी चार आहेत. मुसलमानांतही बहराम हे नाव ठेवतात. म्हणजे वृत्राला मारणाऱ्याचे नाव आजही मुंबईच्या रस्त्यावर आहे, फक्त हाक मारणाऱ्याला ते माहीत नाही.

चीनचा 'लाँग' याच्या उलट आहे. तो पाणी अडवत नाही, देतो. पाऊस, नद्या, ढग त्याच्या ताब्यात. तो राजाचे चिन्ह आहे, त्याला मारायचे नसते. युरोपचा ड्रॅगन पंखवाला, आग ओकणारा, सोन्याच्या ढिगावर बसलेला. सोन्यावर बसलेला साप आपल्यालाही परका नाही. गुप्तधनावर नाग असतो, ही समजूत महाराष्ट्रातल्या गावोगाव ऐकायला मिळते. आपला नाग तर दोन्हीकडे आहे. पावसाळ्यात नागपंचमीला त्याची पूजा, आणि कालियाच्या गोष्टीत यमुनेचे पाणी विषारी करणाराही तोच.

पण आपल्याकडच्या गोष्टींतला एक फरक मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. कृष्ण कालियाला मारत नाही. त्याच्या फण्यांवर नाचतो आणि मग त्याला कुटुंबासकट दुसरीकडे राहायला सांगतो. वासुकीला समुद्रमंथनात दोरी म्हणून कामाला लावतात. शेषावर तर विष्णू झोपतो. मारणे, घालवणे, कामाला लावणे, त्याच्यावर विसावणे. ड्रॅगनचे काय करायचे याची इतकी वेगवेगळी उत्तरे एकाच परंपरेत आहेत.

कुरआनातले तीन शब्द

मुसलमान घरांत अझदहा हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो बहुधा हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या काठीच्या गोष्टीत. ते काठी टाकतात आणि ती जिवंत होते. कुरआनात ही घटना वेगवेगळ्या ठिकाणी येते आणि शब्द तीन आहेत. सूरह अल-आराफ आणि अश-शुअरामध्ये 'सुअबान', म्हणजे मोठा साप. सूरह ताहामध्ये 'हय्या', म्हणजे साप. सूरह अन-नम्ल आणि अल-कससमध्ये काठी 'जान'सारखी, म्हणजे चपळ लहान सापासारखी, वळवळली असे म्हटले आहे. तफसीर लिहिणाऱ्यांनी यावर विचार केला. आकार अजस्र, पण हालचाल चपळ, अशी दोन्हीची सांगड अनेकांनी घातली.

उर्दू अनुवादकांनी 'सुअबान'साठी 'अझदहा' हा शब्द घेतला. इथे एक गंमत होते. अरबी कुरआनात अझदहा नाही. तो फारसी शब्द आहे, आणि त्याच्या मागे अवेस्तातला तीन डोक्यांचा राक्षस उभा आहे. काठीचा साप मात्र राक्षस नाही, ती अल्लाहची निशाणी आहे. भाषांतर करताना शब्द आपली जुनी गोष्ट बरोबर घेऊन येतो. भाषा शिकवणाऱ्याने हे मुलांना सांगायला हवे. नाहीतर शब्दाची गोष्ट आणि ग्रंथाची गोष्ट यांची सरमिसळ होते.

हाच 'सुअबान' आकाशातही आहे. कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याला जगभर 'थुबान' म्हणतात, तो हाच अरबी शब्द. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी तोच ध्रुवतारा होता. अरबी खगोलशास्त्रज्ञ या तारकासमूहाला 'तिन्नीन' म्हणत. मराठीत त्याला कालेय म्हणतात, कालिया नागावरून. ग्रीकांनी तिथे ड्रॅगन पाहिला, अरबांनी तिन्नीन, आणि आपण यमुनेतला नाग.

ग्रहणाचेही तसेच. राहू म्हणजे डोके आणि केतू म्हणजे शेपूट. अरबी-फारसी खगोलात चंद्राच्या कक्षेतल्या त्याच दोन बिंदूंना 'रास' (डोके) आणि 'झनब' (शेपूट) म्हणतात, एका अदृश्य अझदहाचे डोके आणि शेपूट. अल-बिरूनीने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला त्यात राहूची चर्चा आहे. वराहमिहिराने ग्रहणाचे खरे कारण, म्हणजे सावली, सांगितले म्हणून तो त्याचे कौतुक करतो. ब्रह्मगुप्ताला खरे ठाऊक असूनही त्याने लोकसमजुतीपुढे मान तुकवली म्हणून त्याच्यावर टीका करतो. इथे मला ती प्रसिद्ध हदीस आठवते. पैगंबरांचे (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले आणि लोक म्हणू लागले की सूर्यानेही शोक केला. तेव्हा त्यांनी सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. स्वतःच्या दुःखाच्या दिवशी असे सांगणे सोपे नव्हते.

खांद्यावरचे साप

अवेस्तातला अझि दहाक फिरदौसीच्या शाहनाम्यात येतो तेव्हा तो साप राहिलेला नसतो. तो माणूस झालेला असतो. शाहनामा १०१० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात 'झह्हाक' नावाचा राजपुत्र आहे. इब्लीस त्याला फूस लावतो, तो बापाचा जीव घेऊन गादीवर बसतो. मग इब्लीस स्वयंपाकी बनून येतो, त्याला मांसाची चटक लावतो आणि बक्षीस म्हणून त्याच्या खांद्यांचे चुंबन मागतो. जिथे ओठ टेकतात तिथून दोन काळे साप उगवतात. कापले तरी पुन्हा येतात. त्यांना शांत ठेवायला रोज दोन तरुणांचे मेंदू लागतात.

दोन भले माणूस राजाच्या मुदपाकखान्यात नोकरी धरतात. सगळ्यांना वाचवणे त्यांच्या हातात नाही. ते रोज दोघांतल्या एकाला सोडतात आणि त्याच्याऐवजी मेंढीचा मेंदू मिसळतात. सुटलेले डोंगरात पळून जातात. शाहनामा सांगतो की कुर्द लोक त्यांचेच वंशज.

शेवटी उठतो तो कुणी सरदार नाही. कावा नावाचा लोहार उठतो. त्याच्या अठरा मुलांपैकी सतरा सापांच्या पोटात गेलेली असतात. झह्हाकने त्याच वेळी दरबारात एक मसुदा करून घेतलेला असतो, की हा राजा न्यायीच आहे, आणि खाली मान्यवरांच्या साक्षी. कावाला मुलगा परत देतात आणि म्हणतात, आता तूही सही कर. तो कागद फाडून पायाखाली तुडवतो, बाहेर येऊन आपले चामड्याचे अंगावरचे कातडे भाल्याला बांधतो, आणि तोच झेंडा होतो. फरीदून राजपुत्र त्याच्या मागून येतो. झह्हाकला मारत नाहीत, दमावंद डोंगरात साखळदंडांनी बांधून ठेवतात. म्हणजे तो अजून आहे.

कामगारांच्या गावात ही गोष्ट शिकवताना वर्गात वेगळीच शांतता असते. कुणी काही विचारत नाही, पण लोहाराचे नाव सगळ्यांच्या लक्षात राहते.

या गोष्टीत एक बाब मात्र टोचणारी आहे. जुन्या ग्रंथातला राक्षस फिरदौसीकडे येईपर्यंत अरब झाला आहे. अरबांनी इराण जिंकून साडेतीनशे वर्षे होऊन गेली होती. इराणी मनातली ती जखम गोष्टीत उतरली आणि तीन डोक्यांच्या सापाला अरब राजपुत्राचे रूप मिळाले. फिरदौसी स्वतः मुसलमान होता. तरीही परका जेता, सापाचा जेता, अशी सांगड बसली. गोष्ट थोर आहे हे मान्य करूनही हे पाहिले पाहिजे. ज्याचा राग येतो त्याच्या खांद्यावर साप काढणे, ही युक्ती जुनी आहे.

चौलचा पाहुणा

आता कोकणात येऊ. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, बगदादचा एक प्रवासी आपल्या किनाऱ्यावर उतरला. त्याचे नाव अल-मसऊदी. तो 'सैमूर'ला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला, आला. त्याने लिहिले आहे की इथल्या राजाचे नाव 'जांज' आहे आणि इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. काही इथेच जन्मलेले, त्यांना 'बयासिरा' म्हणत. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. हा जांज म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ.

याच मसऊदीने आपल्या 'मुरूज अझ-झहब' या ग्रंथात तिन्नीनवर, म्हणजे समुद्री ड्रॅगनवर, लिहिले आहे. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. तो कुठलेही एक मत लादत नाही. काहींच्या मते तिन्नीन म्हणजे समुद्राच्या तळाशी तयार होणारी काळी वावटळ. ती वर येते, ढगाला चिकटते, लांबच लांब सापासारखी दिसते आणि लोक घाबरतात. काहींच्या मते तो खरोखर समुद्राच्या तळाशी राहणारा प्राणी आहे. तो इतर जलचरांना छळू लागला की अल्लाह ढग पाठवून त्याला उचलून नेतो. इराणी लोक त्याला सात डोकी आहेत असे मानतात, हेही तो नोंदवतो.

ज्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रात ढगातून पाण्यापर्यंत लोंबणारी, फिरणारी सोंड पाहिली आहे, त्या दर्यावर्दींना पहिले मत लगेच पटेल. अकराशे वर्षांपूर्वी एका मुसलमान लेखकाने 'ड्रॅगन म्हणजे कदाचित हवामान' ही शक्यता कागदावर मांडली होती. आणि तोच माणूस आपल्या किनाऱ्यावर येऊन गेला होता.

सापासाठी जीव देणारा पूर्वज

मसऊदी ज्या घराण्याच्या राज्यात उतरला, त्या शिलाहारांची स्वतःची एक सापाची गोष्ट होती. ती त्यांच्या नावातच आहे. शिला म्हणजे खडक, आहार म्हणजे जेवण.

ती अशी. गरुड आणि नाग यांचे हाडवैर. नागांचा समूळ नाश होऊ नये म्हणून नागराजा करार करतो की रोज एक नाग ठरलेल्या खडकावर पाठवू. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते. त्याची म्हातारी आई रडत बरोबर आलेली. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन तिथून जात असतो. तो विचारपूस करतो आणि शंखचूडाच्या जागी स्वतः खडकावर जाऊन बसतो. गरुड त्याला उचलतो, खाऊ लागतो, आणि हा ओरडत नाही म्हणून चकित होतो. तेवढ्यात शंखचूड धावत येतो, खरा नाग मी आहे म्हणतो. गरुडाला पश्चात्ताप होतो. देवीच्या कृपेने जीमूतवाहन पुन्हा उठतो, अमृताने आधी मेलेले नागही जिवंत होतात आणि गरुड नाग खाणे सोडतो.

सम्राट हर्षाने सातव्या शतकात यावर 'नागानंद' नाटक लिहिले. अकराव्या शतकात सोमदेवाच्या कथासरित्सागरात ती आली. वेताळ पंचविशीतही ती आहे. तिथून ती फोर्ट विल्यम कॉलेजच्या 'बैताल पचीसी'मधून हिंदुस्तानीत पोहोचली.

शिलाहारांनी या जीमूतवाहनाला आपला पूर्वज मानले. त्यांच्या ताम्रपटांच्या आरंभी त्याची आठवण येते, आणि त्यांच्या ध्वजावर सोनेरी गरुड असे. यातला एक ताम्रपट तर अगदी आपल्या दारातला आहे. शके ९१९, म्हणजे ९९७ साली शिलाहार राजा अपराजिताने भादाने गाव दान दिले. ते दान होते लोनाडच्या सूर्यमंदिरासाठी. भादाने आणि लोनाड दोन्ही भिवंडी तालुक्यात. लोनाडची लेणी आणि जुने शिवमंदिर पाहायला लोक जातात. पण हे घराणे स्वतःला 'सापासाठी जीव देणाऱ्याचे वंशज' म्हणवत होते, हे तिथे फार थोड्यांना माहीत असते.

या गोष्टीला झह्हाकच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे रोजची पाळी आहे, रोज एक जीव जातो. युरोपात संत जॉर्जची गोष्ट अशीच. तळ्यातल्या ड्रॅगनला आधी मेंढ्या, मग माणसे, शेवटी चिठ्ठी राजकन्येची निघते. मध्यपूर्वेत याच संताला अनेक मुसलमान हजरत खिज्र यांच्याशी जोडून मान देतात. महाभारतातल्या बकासुराकडेही रोजची गाडी जाते. या गोष्टी सांगणाऱ्यांना 'पाळी' ठाऊक होती. कर, वेठ, सक्ती रोजच्या ओळखीची होती.

फरक आहे तो उत्तरात. जॉर्ज ड्रॅगनला मारतो, भीम बकाला मारतो, फरीदून झह्हाकला बांधतो. जीमूतवाहन तलवार काढत नाही. आणि इथे बळी जाणारा तर स्वतः नाग आहे! ज्याला सगळ्या जगाने शत्रू ठरवले, त्याच्या आईचे रडणे ऐकून एक माणूस थांबला. सापालाही आई असते, ही ओळ सुचायला माणूस मोठा लागतो.

तोफेचे तोंड आणि सोन्याची गिनी

दख्खनमध्ये अझदहा फक्त गोष्टीत राहिला नाही, त्याचे ओतकामही झाले. १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीत एक प्रचंड तोफ ओतली गेली. ओतणारा होता मुहम्मद बिन हुसेन रूमी. तोफेचे नाव मलिक-ए-मैदान, मराठीत मुलूखमैदान. लांबी चार मीटरहून जास्त, वजन सुमारे ५५ टन. तिचे तोंड म्हणजे जबडा पसरलेला अजस्र प्राणी, आणि दातांमध्ये चिरडला जाणारा हत्ती. कुणी त्याला सिंह म्हणते, कुणी मकर, कुणी अझदहा. मला वाटते यातले कुठलेच उत्तर चूक नाही. मंदिरांच्या पायऱ्यांशी दिसणारा मकर, कोकणापासून विदर्भापर्यंतच्या किल्ल्यांच्या दारावरचा हत्तींना पंजात धरणारा शरभ, आणि फारसी चित्रांतला अझदहा, हे सगळे दख्खनच्या कारागिराच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी होते. त्या फारसी अझदहातही मंगोल काळापासून चिनी ड्रॅगनची वळणे आली होती. म्हणजे चीन, इराण, तुर्कस्तान आणि महाराष्ट्र एका तोफेच्या तोंडात जमले.

ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली आणि आजही तिथल्या शेरझा बुरुजावर आहे. गोवळकोंड्याच्या एका तोफेचे तर नावच 'अझदहा पैकर', म्हणजे अझदहाच्या देहाची. दास्तान-ए-अमीर हमझामध्ये हमझाच्या झेंड्याचे हेच नाव आहे, आणि शाहनाम्यात रुस्तमचा झेंडाही असाच. दख्खनी मुहर्रमच्या काही जुन्या अलमांच्या दोन्ही बाजूंनाही अझदहाची तोंडे दिसतात. ज्याला मारायचे तोच, आपल्या बाजूने उभा केला की राखणदार होतो.

ड्रॅगनची आणखी एक छोटी भेट मुंबईत झाली. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत ब्रिटिश सोन्याचे सॉव्हरिन पाडले गेले, सुमारे १३ लाख. आपल्याकडे त्याला गिनी म्हणतात. त्याच्या मागच्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज आणि घोड्याच्या पायाखाली ड्रॅगन. कोकणी घरांतल्या जुन्या दागिन्यांत, माळेत ओवलेली अशी गिनी कुणाकुणाकडे अजून असेल. आजीच्या गळ्यात ड्रॅगन होता, हे नातवाला सांगायला हरकत नाही.

अस्तनीतला साप

हे सगळे सांगायचे कारण काय? ड्रॅगन नाही, कधी नव्हता. पण माणसाला तो लागतो. पाऊस नाही आला, तो अडवणारा कुणीतरी हवा. सूर्य झाकला, गिळणारा हवा. समुद्रात वादळ आले, त्याला डोकी हवीत. या भीतींना मसऊदीने, वराहमिहिराने, बिरूनीने हळूहळू उत्तरे दिली आणि आकाशातला, समुद्रातला ड्रॅगन विरत गेला. भाषेतला विरला नाही.

उर्दूत 'आस्तीन का साँप' म्हणतात, मराठीत 'अस्तनीतला साप'. अस्तनी हा शब्दसुद्धा फारसी आस्तीनवरूनच आला. 'सापाला दूध पाजले' ही तक्रार तर दोन्हीकडे आहे. घरातल्या भांडणात कुणी असे म्हणाले तर ते घरापुरते राहते. पण हेच शब्द व्यासपीठावरून एका संपूर्ण जमातीला उद्देशून बोलले जातात तेव्हा ते ड्रॅगनची जुनीच युक्ती वापरत असतात. शेजारी माणूस राहत नाही, त्याच्या खांद्यावर साप उगवतात. आणि साप दिसला की माणूस काठी शोधतो, विचारपूस करत नाही. भिवंडीने १९७० पाहिले आहे आणि १९८४ पाहिले आहे. या गावात हे समजावून सांगायची गरज पडू नये, पण नव्या पिढीला पडते. कारण त्यांच्या मोबाईलवर रोज कुणी ना कुणी कुणाला तरी साप म्हणत असते. त्यात दोन्ही बाजूंचे लोक आहेत, आपणही त्यात आहोत.

याला उत्तर पुस्तकातच आहे, आणि ते एकाच समाजाच्या पुस्तकात नाही. कावाने सही करायला नकार दिला, की हे बरोबर चालले आहे असे मी लिहून देणार नाही. मुदपाकखान्यातल्या दोघांनी रोज एक जीव वाचवला, सगळे वाचवता येत नाहीत म्हणून हात जोडून बसले नाहीत. आणि या तालुक्यात ज्या राजांचे ताम्रपट सापडतात त्यांनी अभिमानाने सांगितले की आमचा पूर्वज एका नागाच्या जागी खडकावर जाऊन बसला. त्याच राजांनी चौलच्या मुसलमानांना त्यांचाच न्यायप्रमुख दिला होता.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांनी विचारले की अझदहाला मराठीत काय म्हणायचे, तर 'अहि' सांगावे. आणि जमल्यास त्याच्याबरोबर शंखचूडाची गोष्टही सांगावी, त्याच्या आईसकट.